क्यूबचे पहिले पंधरा सेकंद

सुट्ट्या जवळ आल्या की मंडळाच्या क्यूब वर्गाबद्दल विचारणा सुरू होते. त्यात पालकांचा एक प्रश्न हमखास असतो. "आमच्याकडे क्यूब लावता येतो, पण वेळ चाळीस-पन्नास सेकंदांच्या खाली येत नाही. महागातला क्यूब घेऊन देऊ का? की आणखी सूत्रे पाठ करायला लावू?" मुलेही मनातून खट्टू झालेली असतात. शाळेतला एखादा मित्र वीस सेकंदांत क्यूब लावतो, आपल्याला जमत नाही, म्हणजे आपले हातच मंद, असे त्यांना वाटू लागते. काही जण क्यूब कपाटात ठेवून देतात.

आमचे उत्तर असे, की अडचण बहुधा हातांत नसते. ती सुरुवातीत असते. पहिली चाल करण्याआधी जे पंधरा सेकंद मिळतात, त्यांत मूल काय करते यावर पुढचा बराचसा खेळ ठरतो. त्या पंधरा सेकंदांबद्दल हा लेख आहे. इंदूरच्या आपल्या घरांत मुले क्यूब शिकतात ती हिंदी किंवा इंग्रजी व्हिडिओ पाहून. त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांना त्यातले काही कळत नाही आणि इच्छा असूनही मदत करता येत नाही. म्हणून सगळे शक्य तितक्या सरळ मराठीत मांडतो आहोत. हाताशी एक क्यूब घेऊन वाचले तर अधिक बरे.

पंधरा सेकंद कशासाठी?

हंगेरीतील एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये हा क्यूब तयार केला. १९८२ मध्ये बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती मिन्ह थाय याने २२.९५ सेकंदांची वेळ नोंदवून जिंकली. २००४ पासून वर्ल्ड क्यूब असोसिएशन या संस्थेच्या नियमांनी जगभर स्पर्धा होतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांत क्यूब लावला होता. २२ सेकंदांवरून ३ सेकंदांपर्यंतच्या या प्रवासात क्यूब गुळगुळीत झाले, बोटे चपळ झाली, हे खरेच. पण क्यूबकडे पाहण्याची रीतही बदलली.

स्पर्धेत क्यूब झाकून आणतात. झाकण उचलले की खेळाडूला पाहणीसाठी पंधरा सेकंद मिळतात. या वेळात क्यूब हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघता येतो, पण एकही बाजू फिरवायची नाही. आठ सेकंद झाले की पंच "आठ" म्हणतात, बारा झाले की "बारा". पंधरा उलटून गेल्यावर सुरुवात केली तर दोन सेकंदांचा दंड, आणि सतरा उलटले तर ती खेळी बाद.

पाहणीचा हा वेळ घड्याळात धरला जात नाही. म्हणजे विचार करायला मिळालेली ही फुकटची मुदत आहे. आपली बहुतेक मुले ती वाया घालवतात. दोन-तीन पांढरे तुकडे कुठे आहेत ते बघतात, "चला, दिसले" म्हणतात आणि पाचव्या सेकंदाला क्यूब फिरवायला घेतात. उरलेला विचार मग घड्याळ चालू असताना करावा लागतो.

पाया आठ चालींच्या आत

वेगाने क्यूब लावणारे बहुतेक जण सीएफओपी नावाच्या पद्धतीने खेळतात. जेसिका फ्रिड्रिक यांच्या नावानेही ती ओळखली जाते. तिचे चार टप्पे आहेत. आधी एका रंगाचा क्रॉस, म्हणजे अधिकचे चिन्ह. मग कोपरा आणि कड यांच्या चार जोड्या बसवून खालचे दोन थर पूर्ण करायचे. त्यानंतर वरच्या थराचा रंग एकसारखा करायचा आणि शेवटी वरचे तुकडे जागेवर न्यायचे. शेवटच्या दोन टप्प्यांची सूत्रे पाठ करता येतात. तिसऱ्या टप्प्याची ५७ आणि चौथ्याची २१. क्रॉसला मात्र सूत्र नाही. तो दर वेळी नव्याने पाहूनच लावावा लागतो.

पूर्ण क्यूबच्या मांडण्या सुमारे ४३ वर अठरा शून्ये इतक्या आहेत. कोणतीही मांडणी २० चालींत सुटते हे २०१० मध्ये संगणकांच्या मदतीने सिद्ध झाले, पण त्या वीस चाली नुसत्या डोळ्यांनी शोधणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. क्रॉसचे तसे नाही. त्यात चारच तुकडे असतात. पहिल्या तुकड्याला १२ जागा, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला १०, चौथ्याला ९, आणि प्रत्येक तुकडा सरळ किंवा उलटा असे दोन प्रकारे बसू शकतो. गुणाकार केला की १,९०,०८० मांडण्या येतात. संगणकाने या सगळ्या तपासता येतात आणि त्यातून दिसते ते असे:

- एकही मांडणी आठपेक्षा जास्त चाली मागत नाही.
- पूर्ण आठ चाली लागतात अशा मांडण्या फक्त १०२ आहेत.
- १,५५,०१२ मांडण्या, म्हणजे शंभरातल्या ८१-८२, सहा किंवा त्याहून कमी चालींत सुटतात.
- सरासरी सहाच्या किंचित खाली आहे.

शिकाऊ मुलांचा क्रॉस मोजून पाहा. दहा, बारा, कधी पंधरा चाली निघतात. म्हणजे पाया घालतानाच दुप्पट काम होते. चाली जास्त झाल्या की डोळ्यांना त्यांचा माग ठेवता येत नाही. क्रॉस झाल्यावर मूल थांबते, क्यूब इकडेतिकडे फिरवून पहिली जोडी शोधते, आणि त्या शोधात चार-पाच सेकंद जातात. खरी गळती तिथे आहे. पाच-सहा चालींचा क्रॉस आधीच ठरलेला असेल, तर हात तो लावत असताना डोळे पुढची जोडी शोधायला मोकळे राहतात. कॅरममध्ये चांगला खेळाडू एक सोंगटी घेताना स्ट्रायकर पुढच्या सोंगटीसाठी कुठे उभा राहील हे पाहतो, तसेच हे आहे.

आधी थोडी भाषा

क्यूब पांढरी बाजू खाली आणि हिरवी समोर असा धरा. पिवळी वर येईल. नेहमीच्या रंगांच्या क्यूबमध्ये उजवीकडे केशरी, डावीकडे लाल आणि मागे निळी बाजू असते. बाजूचा मधला चौकोन आपली जागा सोडत नाही. त्याच्यावरून त्या बाजूचा रंग ओळखायचा.

एखाद्या बाजूकडे तोंड करून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवली तर तिला "सुलट" म्हणू, विरुद्ध दिशेने फिरवली तर "उलट", आणि अर्धा फेरा दिला तर "दोनदा". मोजताना "दोनदा" हीसुद्धा एकच चाल धरतात.

घोळ होऊ नये म्हणून खुणा लक्षात ठेवा. उजवी सुलट केली की समोरचे वर जाते. डावी सुलट केली की वरचे समोर येते. समोरची सुलट केली की वरची कड उजवीकडे जाते. खालची सुलट केली की समोरची कड उजवीकडे जाते.

आता तीन युक्त्या. प्रत्येकीसाठी आधी लावलेला क्यूब घ्या आणि सांगितल्याप्रमाणे मुद्दाम बिघडवा, म्हणजे वाचलेले लगेच पडताळता येईल.

पहिली युक्ती: तुकडे आपापसात बरोबर हवेत

बिघडवण्यासाठी: खालची दोनदा, मागची दोनदा, समोरची दोनदा, डावी उलट, उजवी सुलट.

आता पाहा. वरच्या थरात समोर पांढरा-निळा तुकडा आहे आणि मागे पांढरा-हिरवा. दोघांचा पांढरा भाग वर आहे. मधल्या थरात समोर उजवीकडे पांढरा-लाल आणि समोर डावीकडे पांढरा-केशरी. त्यांचा पांढरा भाग आपल्याकडे आहे. एकही तुकडा आपल्या रंगाच्या बाजूला नाही. नवे मूल इथे घाबरते. निळा समोर का, लाल उजवीकडे कसा?

पण नीट पाहिले तर निळा आणि हिरवा एकमेकांसमोर आहेत, लाल आणि केशरीही एकमेकांसमोर आहेत. क्रमही बरोबर आहे. वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने हिरवा, लाल, निळा, केशरी असा क्रम असायला हवा, आणि तो तसाच आहे. फक्त सगळे एकत्रच अर्धा फेरा सरकलेले आहेत. तेव्हा मधल्या चौकोनांकडे दुर्लक्ष करून तुकडे सरळ खाली उतरवा: उजवी उलट, डावी सुलट, समोरची दोनदा, मागची दोनदा. शेवटी खालची दोनदा, की चारही जण आपापल्या घरी. एकूण पाच चाली.

मुले सहसा आधी पिवळ्या चौकोनाभोवती चार पांढऱ्या पाकळ्यांचे फूल करतात आणि मग एकेक पाकळी खाली उतरवतात. त्या पद्धतीने याच मांडणीला सात चाली लागतात, आणि ही मांडणी तर सोपी आहे. फुलाची पद्धत शिकताना चांगली, कारण तीत चूक होत नाही. पण वेग हवा असेल तर एका टप्प्यावर ती सोडावी लागते.

दुसरी युक्ती: तुकडा हलवण्याऐवजी जागा हलवा

बिघडवण्यासाठी: खालची सुलट, उजवी सुलट, खालची उलट.

आता लाल, निळा आणि केशरी हे तीन तुकडे जागेवर आहेत. पांढरा-हिरवा तेवढा मधल्या थरात समोर उजवीकडे अडकला आहे. त्याचा पांढरा भाग समोर आणि हिरवा उजवीकडे आहे. सवयीने मूल त्याला वर काढते: उजवी सुलट, वरची सुलट, उजवी उलट, आणि मग समोरची दोनदा. चार चाली.

त्याऐवजी हिरव्याची रिकामी जागाच त्याच्याकडे न्यायची. खालची सुलट केली की ती जागा उजवीकडे येते. उजवी उलट केली की हिरवा तिच्यात बसतो. खालची उलट केली की सगळे पूर्ववत. तीन चाली झाल्या. आणि पहिल्या युक्तीप्रमाणे शेवटी खालची बाजू फिरवायचीच असेल, तर ही तिसरी चाल त्या शेवटच्या चालीत मिसळून जाते. मग या तुकड्याचा खर्च दोनच चालींचा. खालची बाजू फिरवायला मुले कचरतात, कारण लागलेले तुकडे जागचे हलतात. ते बिघडत नाहीत, फक्त एकत्र फिरतात. एकदा हे पटले की क्रॉस मोकळा होतो.

तिसरी युक्ती: क्रम बदला, एका चालीत दोन कामे करा

बिघडवण्यासाठी: उजवी सुलट, समोरची उलट.

पांढरा-केशरी आता वरच्या थरात समोर आहे, पण त्याचा पांढरा भाग वर नसून आपल्याकडे आहे. हा "उलटा" तुकडा मुलांना सर्वांत जास्त छळतो. पांढरा-हिरवा मधल्या थरात समोर उजवीकडे आहे, पांढरा भाग उजव्या बाजूला. लाल आणि निळा जागेवर आहेत.

समोरची एकदा सुलट फिरवा. या एका चालीने दोन गोष्टी होतात. हिरवा खाली आपल्या जागी जाऊन बसतो, आणि उलटा केशरी उजवीकडे येऊन सरळ होण्याच्या तयारीत उभा राहतो. आता उजवी उलट, की केशरीही बसला. दोन चालींत दोन तुकडे. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते असे.

समजा हिरवा आधीच जागेवर असता, तर? तरीही समोरची सुलट, उजवी उलट हेच करावे लागते, पण त्यात हिरवा हलतो, म्हणून समोरची पुन्हा उलट करून त्याला परत आणावे लागते. तीन चाली. यातून नियम निघतो: उलट्या तुकड्याचे काम, शेजारची जागा रिकामी असतानाच उरकून घ्या. पाहणीत सर्वांत आधी उलटे तुकडे शोधायचे ते यासाठी. सोपा तुकडा दिसला की तो लगेच बसवण्याचा मोह होतो, आणि पुढे तोच आड येतो.

क्रॉस खालीच लावा

वर्गात येणारी बरीच मुले क्रॉस वर लावतात आणि मग क्यूब उलटा करतात. पांढरे तुकडे डोळ्यांसमोर दिसतात म्हणून ते सोपे वाटते. पण क्यूब उलटा केल्यावर सगळे नव्याने शोधावे लागते. क्रॉस सुरुवातीपासून खाली लावला तर वरचा थर आणि पुढच्या जोड्या सतत नजरेत राहतात. सुरुवातीला आठवडाभर वेळ वाढेल. त्याला घाबरू नये.

हे जमले की पुढची पायरी म्हणजे पाहणीतच पहिल्या जोडीचा एक तुकडा हेरून ठेवणे. तिसऱ्या युक्तीत आपण फक्त समोरची आणि उजवी बाजू फिरवली. म्हणजे मागच्या डाव्या कोपऱ्यातले वरचे आणि खालचे तुकडे जागचे हलले नाहीत. वरच्या त्या कोपऱ्यात पांढरा रंग असेल, तर क्रॉस संपताना तो तिथेच सापडणार हे आधीच ठाऊक असते. क्रॉसच्या चाली जितक्या कमी, तितके न हललेले तुकडे जास्त, आणि पुढचे शोधणे तितके सोपे.

घरी सराव कसा करावा

यासाठी मोठ्यांना क्यूब येण्याची गरज नाही. आजोबांच्या हातात घड्याळ दिले तरी पुरे.

पहिला आठवडा घड्याळच नको. क्यूब बिघडवा, हवा तितका वेळ बघा, आणि पहिले दोनच तुकडे कसे बसतील ते तोंडाने सांगून मग फिरवा. मुलाने आजीला "आधी उजवी उलट, मग समोरची दोनदा" असे सांगितले की विचार आपोआप स्पष्ट होतो. दुसऱ्या आठवड्यात तीन तुकडे, मग चारही.

चारही जमू लागले की डोळे मिटून क्रॉस लावायचा. ही खरी परीक्षा. डोळे उघडल्यावर क्रॉस लागलेला असेल तर योजना पूर्ण होती. नसेल तर कोणता तुकडा चुकला ते पाहा, तीच मांडणी पुन्हा करा आणि पुन्हा लावा. एकाच मांडणीवर दहा मिनिटे घालवणे हे दहा मांडण्या घाईने उरकण्यापेक्षा जास्त शिकवते.

शेवटी घड्याळ आणा. आजोबांनी "आठ" आणि "बारा" म्हणावे, जसे पंच म्हणतात. बाराला योजना अर्धी असेल तर जेवढे दिसले तेवढ्यावर शांतपणे सुरुवात करावी. प्रत्येक क्रॉसच्या चाली वहीत लिहून ठेवाव्यात. सेकंदांपेक्षा हा आकडा आधी खाली यायला हवा. बारावरून आठवर आला, की सेकंद मागोमाग उतरतात.

पांढऱ्या क्रॉसवर हात बसला की दुसऱ्या रंगांचाही सराव करता येतो. सहाही रंगांतला सर्वांत सोपा क्रॉस निवडता आला तर सरासरी एखादी चाल वाचते. पण ती पुढची गोष्ट. आधी एक रंग पक्का होऊ दे.

पालकांना एक विनंती. मूल क्यूब हातात धरून नुसते बघत बसले असेल, तर "अरे, लवकर सुरू कर" म्हणू नका. बाहेरून रिकामे दिसणारे ते क्षण सर्वांत जास्त कामाचे असतात. महागड्या क्यूबची घाई नको आणि ५७ सूत्रांचीही नको. साध्या क्यूबवर, साध्या सूत्रांनीही सुरुवात सुधारली की वेळ कमी होतो, आणि मुलाला कळते की आपले हात मंद नव्हते, आपण फक्त बघायला थांबत नव्हतो. हे कळल्यावर कपाटातला क्यूब पुन्हा बाहेर येतो.

वर्गाला येताना प्रत्येकाने आपला क्यूब आणि एक वही आणावी. वहीत वरच्या तिन्ही मांडण्या किती चालींत सोडवल्या ते लिहिलेले असावे. पाच, तीन आणि दोन यांपेक्षा कमी चालींत कोणी सोडवून दाखवल्या, तर आम्हालाही शिकायला आवडेल.